दोन्ही हातांनी पाठवायचा मेल

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसातला मेलचा प्रोग्रॅम अपडेट झाला आणि त्यातले सगळे शॉर्टकट पुसले गेले. म्हणजे मुळात असतात तसे झाले. कॉम्प्युटर बघायला येणारे गृहस्थ खुशीत म्हणाले, "मॅडम, आता सगळं जगासारखं झालं." मी त्यांना चहा पाजला, वाटेला लावलं आणि सेटिंग उघडून ते सगळं पुन्हा जगावेगळं करायला बसले. अख्खी दुपार त्यात गेली. गृहस्थ विसरलेली पिशवी न्यायला परत आले तेव्हा मी मेल पाठवण्याच्या ओळीवर होते. त्यांनी वाकून पाहिलं. "डाव्या कोपऱ्यातला कंट्रोल आणि उजव्या कोपऱ्यातला एंटर? एक मेल पाठवायला दोन हात कशाला, मॅडम?"

मी पिशवी त्यांच्या हातात दिली. कामाला लागले तेव्हा मीही हेच विचारलं होतं. ज्यांना विचारलं त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं होतं फक्त.

त्यांचं नाव लिहीत नाही. आमच्या सातपूरच्या कारखान्यात सगळे त्यांना भाऊ म्हणत. मालक भाऊ म्हणत आणि मालकांचे वडीलही भाऊच म्हणत, जे भाऊंपेक्षा चांगले वीस वर्षांनी मोठे होते. आम्ही पत्र्यातून गाड्यांचे ब्रॅकेट आणि क्लिपा दाबून काढतो. खाली प्रेस शॉप, लोखंडी जिना चढून वर ऑफिस. खालची मशीन चालू झाली की वरच्या टेबलावरचा चहा थरथरतो. त्या थरथरत्या टेबलापाशी भाऊ बसत आणि माल पाठवण्याचा सगळा पत्रव्यवहार बघत. त्यांना निवृत्त व्हायला एक वर्ष होतं, म्हणून हाताखाली शिकायला मला घेतलं होतं.

मी घोटीची. वडील तिथे भाताच्या गिरणीत कामाला. आमच्या घरात ऑफिसात बसून काम करणारी मी पहिलीच, त्यामुळे मला नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा वडिलांनी ते गिरणीत सगळ्यांना दाखवलं, तांदळाच्या कोंड्याचे हात लागून ते पांढरं झालं. पत्रात लिहिलं होतं, सहा महिने काम बघू, मग कायम करू. वडील म्हणाले, "हे सहा महिने लय जपून काढ. एकदा कायम झाली का मग कुणाचं भ्याव नाय."

मी जपून काढायचं ठरवूनच पहिल्या दिवशी जिना चढले. भाऊंनी मान वर केली आणि म्हणाले, "हात दाखव."

मला वाटलं हात बघतात, भविष्य वगैरे सांगतील. मी उजवा पुढे केला. "दोन्ही," ते म्हणाले. मी दोन्ही केले. त्यांनी बोटं मोजली, ओठ हलवून, खरोखरीच मोजली. "दहा. बरं, बस." माझी मुलाखत मालकांनी अर्धा तास घेतली होती. भाऊंची एवढीच.

नंतर कळलं की हे ते रोज करत. सुट्टी झाली की जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातांकडे बघत. लोकांना इतकी सवय झाली होती की बोलता बोलता हात वर करून जात. मीही आठवड्याभरात करायला लागले. कशाला, ते माहीत नव्हतं.

आता तो कीबोर्ड. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो कुणीतरी रंगपंचमीला वापरलाय असं वाटलं. डावा कंट्रोल आणि नंबरांच्या बाजूचा एंटर, दोन्ही हिरव्या रंगाने रंगवलेले, मशीनला मारतात त्या ऑइलपेंटने. एस्केप लाल. वरच्या ओळीतल्या एफच्या बारा की होत्या, त्यांवर पांढरे आकडे. मी आपली नेहमीच्या सवयीने उत्तर द्यायची की दाबली, काहीच झालं नाही. डिलीट दाबली तर मेल पुसला न जाता कुठल्याशा "रॅक" नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसला. माउसने पाठवावं म्हटलं तर पाठवण्याचं बटण पट्टीवरून काढून टाकलेलं, आणि वरचा मेनू लपवलेला. पहिल्या दिवशी मी एक मेल लिहिला, तीन ओळींचा, आणि तो पाठवायला मला सव्वा तास लागला. गेटवर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न देतोय आणि मी रडायच्या बेतात.

भाऊ जेवून आले. मी म्हटलं, "भाऊ, हा कीबोर्ड बिघडलाय."

"बिघडलेला नाही. मी बसवलाय तसा." त्यांनी माझा डावा हात धरून एका हिरव्या कीवर ठेवला, उजवा दुसऱ्या हिरव्या कीवर. "दोन्ही दाब. एकदम."

मेल गेला.

"पण भाऊ, दोन हात कशाला?"

तेव्हा त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं ते, आणि ट्रकवाल्याला पावती द्यायला खाली निघून गेले.

एफच्या कींचा उलगडा मात्र त्यांनी केला. खाली शॉपमध्ये बारा प्रेस मशीन एका रांगेत होती, त्याच क्रमाने वरच्या बारा की. एक नंबर मशीन पत्रा कापतं, म्हणून पहिल्या कीने नवा मेल. दोन नंबर पत्रा वळवतं, म्हणून दुसरीने उत्तर, म्हणजे आलेला मेल माघारी वळला. तीन नंबर भोक पाडतं, तिथे फाइल जोडायची. बारा नंबरजवळ पॅकिंग, म्हणून बारावीने मेल रॅकवर. "खाली जाऊन रांगेने चालत ये, पाठ होईल," ते म्हणाले. मी पदर खोचून (तेव्हा मालकांना ऑफिसात साडी आवडायची) रांगेने चालून आले आणि खरंच पाठ झालं. तो माणूस वेडा आहे आणि त्याची पद्धत बिनचूक आहे, या दोन गोष्टी एकाच वेळी कशा काय खऱ्या असू शकतात, ते मला कळेना.

फक्त सातवी की रिकामी होती. मी विचारलं, सातवर काय?

"सात नंबर बंद आहे."

"मशीन तर चालू दिसलं मला खाली."

"चालू असेल," ते म्हणाले.

मी एकदा तिच्यावर स्पेलिंग तपासायचं काम लावून ठेवलं, जागा कशाला फुकट घालवायची म्हणून. दुसऱ्या दिवशी ते काढलेलं होतं. मी पुन्हा लावलं, पुन्हा निघालं.

तशीच त्यांच्या ड्रॉवरमधली ती लाकडी पाचर. बोटभर लांब, एका टोकाला निमुळती. खिडकी वाऱ्याने आपटत होती म्हणून मी ती फटीत खुपसली, तर भाऊंनी उठून ती काढली, शर्टाला पुसली आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवली. खिडकी दिवसभर आपटत राहिली. ज्या माणसाने मला कधी मोठ्या आवाजात एक शब्द ऐकवला नव्हता, तो त्या दिवशी माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही.

मेल पाठवायचा त्यांचा एक विधीच होता. मोठ्याने वाचायचा, बाह्यांची बटणं लावायची, मग दोन्ही हात. कुणाचा फोन चालू असेल तर आधी फोन ठेवायचा. हीच माझी अडचण झाली. गिऱ्हाइकाचा माणूस फोनवर म्हणतो, "आत्ता पाठवा, मी लाइनवर आहे." डाव्या हातात रिसीव्हर. भाऊ समोरून म्हणतात, "फोन खाली ठेव, मग पाठव." असं दिवसातून तीसचाळीस वेळा. संध्याकाळी त्यापायी पाच मिनिटं उशीर झाला की पाथर्डी फाट्यावरची माझी बस जायची आणि पुढची तासाने. घरी पोचले की आई ताट वाढून बसलेली.

पाचवा महिना संपत आला होता. भाऊ अक्कलदाढ काढायला दोन दिवस रजेवर गेले. पहिल्या दिवशी सकाळी, रिसीव्हर मानेत धरून मान आखडलेली, मी सेटिंग उघडलं. पाठवण्याच्या ओळीतून कंट्रोल काढून टाकला. नुसता उजव्या कोपऱ्यातला एंटर ठेवला. एक हात, एक बोट. भाऊ यायच्या आदल्या संध्याकाळी परत बदलून ठेवायचं हेही ठरवलं. तो दिवस इतका सुखाचा गेला की मला हवी ती बस मिळाली, खिडकीजवळची जागाही मिळाली.

दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने एक अख्खा लॉट नाकारला. मालक लालबुंद होऊन माझ्या टेबलापाशी आले. "लिही त्यांना, तुमच्या इन्स्पेक्टरला आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा. माल आमचा चोख आहे. लिही, पण नीट भाषेत लिही." माझी सवय अशी की आधी ते बोलतील तसं उतरवायचं, मग सभ्य करायचं. मी डोळ्यांचा डॉक्टर इंग्रजीत उतरवला. इंग्रजीत तो आणखीच उघडा दिसायला लागला. सभ्य करण्याआधी म्हटलं खाली लॉटचे नगांचे आकडे टाकून घेऊ. उजव्या हाताने पहिला आकडा टाकला आणि पुढच्या ओळीवर जायला, जसं कुणीही करेल तसं, शेजारचा एंटर दाबला.

मेल गेला. समोरची खिडकी मिटली आणि मी त्या रिकाम्या पडद्याकडे बघत बसले. लाल एस्केप दहा वेळा दाबली. गेलेला मेल काही तिने परत येत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं मालकांच्या केबिनमध्ये उभे होतो. भाऊंचा गाल लिंबाएवढा सुजलेला. गिऱ्हाइकाने पुढच्या ऑर्डरी थांबवल्याचं कळवलं होतं. तेव्हाच्या कॉम्प्युटरवाल्याने तपासून सांगितलं होतं की पाठवण्याचं सेटिंग एका कीवर आणलंय, म्हणून नकळत गेला.

"ते कुणी बदललं?" मालकांनी विचारलं.

मी तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण तोंडातून काही यायच्या आत मला कोंड्याने पांढरं झालेलं ते पत्र दिसलं, आणि एक श्वासभर वेळ गेला.

"मी," भाऊ म्हणाले. "रजेवर जायच्या आधी मीच करून ठेवलं. पोरीला सोपं पडावं म्हणून."

मी गप्प राहिले. ही लाज वाटायची गोष्ट आहे आणि मला तेव्हाही वाटली, पण गप्प राहिले. मालक भाऊंना म्हणाले, निवृत्तीनंतर तुम्हाला आणखी दोन वर्षं ठेवायचं माझ्या मनात होतं, ते आता राहू द्या. भाऊ "बरं" म्हणाले. त्या दोन वर्षांची त्यांना किती आस होती ते मला माहीत होतं. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. "घरी बसून काय करू," असं ते म्हणायचे, "टीव्हीच्या रिमोटला एकच हात लागतो."

केबिनबाहेर मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही असं कशाला..."

"जेवायची सुट्टी झाली," ते म्हणाले. "हात धुऊन घे."

महिन्याने मी कायम झाले. वडिलांनी गिरणीत पेढे वाटले. मी भाऊंना पेढा द्यायला गेले आणि म्हटलं, आज यांना सांगून टाकू की मी मालकांना खरं सांगणार आहे. मी सुरुवात केली, "भाऊ, ते सेटिंग..."

"चुकलंच माझं ते," भाऊ म्हणाले. "डाव्या हातात फोन होता. मान आखडली होती. म्हटलं, काय होतंय एका हाताने."

मी पेढा धरून उभी. फोन माझ्या हातात होता. मान माझी आखडली होती. आखडलेल्या मानेचं मी त्यांना कधीतरी सांगितलं असेल, पण ते आता ज्या तऱ्हेने मान चोळत होते ती त्यांची स्वतःची मान होती. माझ्यासाठी सोंग करत असावेत असं वाटलं. पण आजूबाजूला कुणी नव्हतं. सोंग करायचं तरी कुणापुढे?

हा गोंधळ मी शेवटी गेटवरच्या चाचांकडे नेला. चाचा आमचे वॉचमन, पांढऱ्या दाढीचे, आल्यागेल्याची नोंद डाव्या हाताने करायचे. मी त्यांना डावरे समजत होते. त्या दिवशी मी सगळं सांगितलं, मेल कुणी एका बोटावर आणला तेही. चाचांनी लिहिणं थांबवलं आणि खिशातला उजवा हात काढून रजिस्टरवर ठेवला. अंगठा आणि करंगळी. मधली तीन बोटं नव्हती. सहा महिने मी त्या माणसाला रोज नमस्कार करत होते.

"सात नंबर," चाचा म्हणाले. "मी चालवायचो. भाऊ तेव्हा शॉपचा सुपरवायझर. त्या मशीनला दोन हिरवी बटणं असतात, बेटा, इकडे एक, तिकडे एक. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. मतलब तुझे दोन्ही हात बटणावर, बोटं बाहेर. पण काम हळू होतं. मग लोक काय करायचे, एका बटणात पाचर मारायची, ते दाबलेलंच राहतं. एका हाताने चालव, दुसऱ्या हाताने पत्रा सरकव. मला बोनसच्या आधी नग पुरे करायचे होते. मी पाचर घरून बनवून आणली. बाभळीची. खाटेचा पाया उरला होता त्याची."

"म्हणजे तुम्हीच लावली होती?"

"मीच. चौकशी झाली तर ऑपरेटरची चूक म्हणून मला हात झटकून बाहेर काढलं असतं. भाऊ उभा राहिला, म्हणाला पाचर मी मारली, काम लवकर व्हावं म्हणून. त्याला शॉपमधून काढलं, वर बसवलं. मला गेट मिळालं. पहिली दोन वर्षं आम्ही दोघंच असलो की त्याला ठाऊक असायचं, पाचर माझी. मग हळूहळू तो म्हणायला लागला, सागवानाची होती रे, मीच तासली होती, माझीच अक्कल. मी किती वेळा सांगितलं, अरे बाबा, ती माझी. हसतो. त्याला वाटतं मी त्याचं मन राखायला बोलतो."

मी वर गेले आणि भाऊ जेवायला गेलेले बघून ड्रॉवर उघडला. पाचर हातात घेतली, उजेडात धरली. बाभूळ की सागवान, मला कळेना. मला लाकडातलं काही कळत नाही. एवढं मात्र कळलं की आपण वेळेत बोललो नाही तर आपलीही पाचर या ड्रॉवरमध्ये जाणार, आणि हा माणूस उरलेला जन्म ती आपली म्हणून पुसत बसणार. मी पाचर परत जागेवर ठेवून ड्रॉवर लावला.

तरी तीन महिने गेले. मालकांना मी आधी सांगितलं. ते म्हणाले, "तू त्यांचं मन राखायला म्हणतेस हे, चांगली गोष्ट आहे." आणि पुढच्या फाइलकडे वळले. मी म्हटलं, नाही साहेब, खरंच. ते म्हणाले, बरं बरं. ऑर्डरी तोवर पुन्हा सुरू झाल्या होत्या, त्यामुळे खरं काय ते कुणालाच नको होतं.

निरोपाच्या दिवशी ऑफिसातच शाल, नारळ, दोन भाषणं झाली. सगळे खाली गेले आणि भाऊ आपलं टेबल आवरायला बसले. आवरायला काही नव्हतंच. त्यांनी ड्रॉवर उघडून पाचर काढली, माझ्यापुढे ठेवली.

"ही तुला ठेव. सात नंबर रिकामाच राहू दे. आणि दोन्ही हात, कळलं का. मी तेव्हा एका हातावर आणायला नको होतं ते. तुझी नोकरी गेली असती माझ्यापायी."

"भाऊ, ऐका माझं," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की मलाच दचकायला झालं. "तुम्ही दाढ काढायला गेला होता. तुम्ही इथे नव्हताच. सेटिंग मी बदललं. फोन माझ्या हातात होता, मान माझी दुखत होती, केबिनमध्ये गप्प मी बसले. तुमची दोन वर्षं माझ्यामुळे गेली. ते तुम्ही केलेलं नाही, मी केलं."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि एक क्षण मला वाटलं की आठवलं, त्यांना आठवलं. मग ते हसले, लहान मुलाची समजूत घालताना हसतात तसे. माझ्या दोन्ही हातांकडे नजर टाकून त्यांनी ओठांतल्या ओठांत दहा मोजले.

"चाचा पण असंच म्हणतो," ते म्हणाले, आणि नारळ दोन्ही हातांत धरून जिना उतरून गेले.